नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत मराठीत फक्त एका अनुस्वाराचा फरक. नाव बारशात ठेवतात आणि नावं बारशाहून घरी परतताना. :) माणसांचं जे होतं तेच खेळाच्या संघांचं. नाव जाहीर झालं रे झालं की दुसऱ्या दिवसापासून नावं ठेवायला सुरुवात.

आज लिहायचंय ते अशाच एका बारशाबद्दल. जपानच्या महिला फुटबॉल संघाच्या. गेले काही दिवस हा विषय डोक्यात घोळतोय (का, ते पुढे सांगते). फुटबॉल न बघणाऱ्यांनी पळून जाऊ नये, ऑफसाइडचा नियम समजावून सांगणार नाहीये. गोष्ट एका शब्दाची आहे.

एप्रिल 2004 मध्ये जपानच्या मुलींनी टोकियोत उत्तर कोरियाला 3-0 असं हरवलं आणि अथेन्स ऑलिंपिकमध्ये जागा मिळवली. तोवर या संघाकडे फारसं कुणी बघत नव्हतं. आता एकदम लक्ष गेलं, म्हणून तिथल्या फुटबॉल असोसिएशनने लोकांकडून टोपणनावं मागवली आणि जुलैमध्ये निवड जाहीर केली. 'नादेशिको जपान'.

नादेशिको हे एक फूल. फिकट गुलाबी, पाकळ्यांच्या कडा कुणी कातरीने बारीक कातरल्यासारख्या. आपल्याकडे नर्सरीत डायँथस नावाची रोपं मिळतात, त्याच कुळातलं. जपानी कवितेत शरदातली म्हणून जी सात फुलं सांगतात, त्यांत हे आहे. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहातही ते सापडतं. शब्दाची फोड आणखी गोड आहे. 'नादेरु' म्हणजे हात फिरवणं, कुरवाळणं, आणि 'को' म्हणजे मूल. कुरवाळलेलं लेकरू! चीनकडून आलेल्या फुलापासून घरचं फूल वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला 'यामातो नादेशिको' म्हणू लागले. यामातो हे जपानचं जुनं नाव.

इथवर सगळं छान आहे. पण पुढे 'यामातो नादेशिको' हा शब्द फुलावरून बाईवर आला. आदर्श जपानी स्त्री म्हणजे यामातो नादेशिको. म्हणजे कशी? हळू बोलणारी, नम्र, घर सांभाळणारी, स्वतःचं दुःख चेहऱ्यावर न दाखवणारी, आतून मात्र कणखर. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींत 'सोज्वळ, घरंदाज, सुस्वभावी' लिहायचे ना, तेच सगळं एका फुलात बांधलेलं. युद्धाच्या वर्षांत याच शब्दाने बायकांना निमूट सोसायला शिकवलं गेलं.

आणि असं नाव कुणाला दिलं? चिखलात लोळून, गुडघे फोडून घेऊन, समोरचीच्या पायातला चेंडू हिसकावणाऱ्या मुलींना.

पुरुषांकडे बघा. 2006 च्या विश्वचषकाच्या वेळी पुरुषांचा फुटबॉल संघ 'सामुराई ब्लू' झाला. बेसबॉलचा पुरुष संघ 'सामुराई जपान', आणि हॉकीचा पुरुष संघसुद्धा 'सामुराई जपान'. पुरुषांच्या व्हॉलीबॉलला ड्रॅगनदेव, म्हणजे 'र्युजिन निप्पॉन'. बायकांच्या हॉकीला मात्र 'साकुरा जपान', ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या मुलींना 'फेअरी जपान'. (न्यायाने सांगायचं तर बायकांच्या व्हॉलीबॉल संघाला 'हिनोतोरी', म्हणजे अग्निपक्षी, असं झकास नाव आहे.) पुरुषांना तलवार आणि बायकांना फुलं, अशी ही वाटणी. तेव्हा नादेशिकोला नावं ठेवायला जागा भरपूर आहे, आणि ती ठेवणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पण मला हे नाव आवडतं. तरीही आवडतं. का, ते सांगायला जरा वळसा घ्यावा लागेल.

जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग, जे-लीग, 1993 मध्ये दहा क्लब घेऊन सुरू झाली. त्याआधी तिथले संघ कंपन्यांचे होते आणि कंपन्यांच्याच नावांनी ओळखले जायचे. नव्या लीगने सांगितलं, क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मग गावापुढे लावायला शब्द शोधायची धांदल उडाली. फुटबॉल म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिका, तेव्हा शब्दही तिकडचे पाहिजेत, अशी एकूण हवा होती. पण घरचं काही सुटत नव्हतं. मग दोन्हींची भेसळ झाली, आणि ती अतिशय मजेशीर आहे.

हिरोशिमाचा क्लब 'सानफ्रेच्चे'. 'सान' म्हणजे जपानीत तीन, 'फ्रेच्चे' म्हणजे इटालियनमध्ये बाण. सोळाव्या शतकातला सरदार मोरी मोतोनारी याने तीन मुलांना बोलावून सांगितलं म्हणे, एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत. आपली शाळेतली म्हातारा आणि काठ्यांच्या मोळीची गोष्ट! ओसाकाचा 'गाम्बा'. इटालियनमध्ये पाय, आणि जपानीतल्या 'गाम्बारु'शी जुळणारा, म्हणजे जिद्दीने झटणं. साप्पोरोचा 'कोन्सादोले' तर कोडंच आहे. होक्काइदोच्या माणसाला 'दोसान्को' म्हणतात, ते उलटं फिरवलं आणि पुढे स्पॅनिश 'ओले' चिकटवलं. कानाझावाचा 'त्सुएगेन' दिसायला अस्सल जर्मन, पण तिथल्या बोलीत त्याचा अर्थ साधारण 'लई जोर हाय आमच्यात' असा होतो. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सानुकीचा 'कामातामारे'. तिथे उकडलेल्या गरम उदोन शेवयांवर कच्चं अंडं फोडून खातात, त्या पदार्थाचं नाव कामातामा. त्यापुढे समुद्रासाठी इटालियन 'मारे'. कोल्हापूरच्या संघाने 'मिसळेत्तो' नाव घ्यावं तसं.

या नावांवर हसू येतं, पण त्यांच्यामागे एक संकोचही दिसतो. घरचा शब्द हवाय, पण तो उघड्यावर आणायची लाज वाटतेय. म्हणून त्याला इटालियन कोट घालून बाहेर काढायचं.

या संकोचाला कदाचित आणखी एक कारण असावं. घरचा शब्द एकदा सक्तीने लादला गेला होता. जपानी बेसबॉल संघांची नावं इंग्रजी असायची. 1940 मध्ये शत्रूची भाषा नको म्हणून ती बदलली. 'ईगल्स'चे 'कुरोवाशी' (काळा गरुड) झाले, 'सेनेटर्स'चे 'त्सुबासा' (पंख) झाले, 'टायगर्स' नुसतेच 'हान्शिन' उरले. 1943 पर्यंत पंचांचे शब्दही बदलले. स्ट्राइकला 'योशी' आणि बॉलला 'दामे', म्हणजे 'छान' आणि 'वाईट'. युद्ध संपलं आणि इंग्रजी शब्द परत आले. हुकमाने आलेले शब्द हुकमाबरोबर गेले. कुरोवाशी या शब्दात वाईट काहीच नव्हतं, उलट सुंदर शब्द आहे. पण तो कुणी निवडलेला नव्हता.

आता या सगळ्यापुढे 'नादेशिको' ठेवून बघा. लोकांकडून आलेला, साधा, कुठलाही कोट न घातलेला जपानी शब्द. आजीला माहीत असलेला. प्रत्येक मुलीने कधी ना कधी टोमणा म्हणून किंवा कौतुक म्हणून ऐकलेला. असा शब्द घेतला की त्याच्याबरोबर त्याचं सगळं ओझंही येतं. कामातामारेला कसलं ओझं आहे? शेवयांचं. :) नादेशिकोला हजार वर्षांचं आहे.

त्या ओझ्याचं काय झालं ते 2011 मध्ये दिसलं.

त्या वर्षी 11 मार्चला भूकंप आणि त्सुनामीने जपानचा ईशान्य किनारा धुऊन नेला, फुकुशिमाचं अणुसंकट उभं राहिलं. तीन महिन्यांनी या मुली विश्वचषकासाठी जर्मनीला गेल्या. त्यांच्यातल्या कित्येक जणी दिवसा कुठेतरी काम करून संध्याकाळी सराव करणाऱ्या. उपांत्यपूर्व सामना यजमान जर्मनीशी. त्याआधी प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी खेळाडूंना त्सुनामीच्या विध्वंसाची चित्रं दाखवली. जादा वेळेत कारिना मारुयामाने गोल केला आणि जर्मनी बाहेर. ही मारुयामा पूर्वी फुकुशिमातल्या वीज कंपनीच्या क्लबकडून खेळलेली.

अंतिम सामना 17 जुलैला फ्रँकफुर्टमध्ये, अमेरिकेशी. अमेरिका दोनदा पुढे गेली आणि दोन्ही वेळा जपानने बरोबरी केली. दुसरी बरोबरी 117व्या मिनिटाला, कर्णधार होमारे सावाच्या पायातून. मग पेनल्टी. गोलरक्षक आयुमी काइहोरीने अमेरिकेचे फटके अडवले आणि जपान 3-1 ने जिंकलं. फुटबॉलचा वरिष्ठ विश्वचषक जिंकणारा आशियातला पहिला संघ, पुरुष आणि बायका दोन्ही धरून. सामन्यानंतर त्या जगाने दिलेल्या मदतीबद्दल आभार मानणारा फलक घेऊन मैदानभर फिरल्या.

आता गंमत बघा. सामना बघणाऱ्या कुणालाही 'सोशिक' आणि 'कणखर' हे शब्द सुचले असते. यामातो नादेशिकोच्या व्याख्येतलेच. पण ते आता दुसऱ्याच ठिकाणी लागू पडत होते. सोसणं म्हणजे गप्प बसणं हा जो जुना अर्थ होता, तो 117व्या मिनिटाला टिकणं शक्य नव्हतं. मुलींनी व्याख्या फाडून फेकली नाही. ती अंगावर घेतली आणि आतून उसवली.

त्या वर्षअखेर जपानमधला 'वर्षाचा शब्द' म्हणून 'नादेशिको जपान'चीच निवड झाली. पंतप्रधानांच्या हस्ते जो राष्ट्रीय सन्मान दिला जातो, तो पहिल्यांदाच एखाद्या संघाला मिळाला, तो यांना. याहून मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. 2012-13 पासून जपानचं अर्थ आणि उद्योग मंत्रालय आणि टोकियो शेअर बाजार मिळून स्त्रियांना कामात पुढे आणणाऱ्या कंपन्यांची एक यादी काढू लागले. यादीचं नाव, 'नादेशिको ब्रँड'. घरात बसून नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचा शब्द बायकांना बढती देणाऱ्या कंपन्यांना लागला! शब्दकोशकार हे करू शकत नाहीत, सरकारी समित्या तर नाहीच नाही. हे सावाने, काइहोरीने, मारुयामाने केलं.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. शब्द बदलला म्हणून सगळं बदलतं असं नाही. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला जाताना पुरुषांचा आणि बायकांचा संघ एकाच विमानात होता. पुरुष, तेही 23 वर्षांखालचे, पुढे बिझनेस क्लासमध्ये. जगज्जेत्या बायका मागे, स्वस्तातल्या जागांवर. सावा पत्रकारांना म्हणाली, खरं तर उलट हवं होतं, वयानेही आम्हीच मोठ्या आहोत. (हे वाचून मी मोठ्याने हसले होते. किती सभ्य आणि किती बोचरं!) बायका रौप्यपदक घेऊन परतल्या. पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकला संघ पात्र ठरला नाही आणि बघणारे पांगले. 2023 च्या विश्वचषकाचे सामने जपानमध्ये टीव्हीवर दिसणार की नाही, हे स्पर्धेला जेमतेम आठवडा उरेपर्यंत ठरत नव्हतं. त्याच स्पर्धेत जपानने स्पेनला 4-0 हरवलं, आणि तोच स्पेन पुढे विजेता ठरला. व्यावसायिक महिला लीग सुरू व्हायलाही 2021 उजाडलं. म्हणजे विजयानंतर दहा वर्षं.

तेव्हा नावाने पगार वाढत नाही आणि विमानातली जागा बदलत नाही. नाव फक्त एक जागा देतं, उभं राहून भांडायला. पण ती जागा घरच्याच शब्दात मिळते असं मला वाटतं. सामुराईचं काय बदललं? पुरुष संघ जिंकले, हरले, सामुराई आधी शूर होता आणि नंतरही शूरच राहिला. परदेशात चटकन कळणारा, टीशर्टवर छान दिसणारा शब्द. त्याच्याशी कुणाचं भांडण नाही, म्हणून त्याला नवीन अर्थही नाही.

आता हा विषय डोक्यात का घोळतोय ते. माझी भाची पुण्यात कॉलेजमध्ये आहे. तिथल्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढलाय आणि त्यांना जपानी नाव हवंय. (ॲनिमेची कृपा.) मावशीने कधीकाळी जपानीच्या तीन परीक्षा दिल्यात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे. यादीत निन्जा होतं, सामुराई होतं, त्सुबासा होतं आणि शेवटी 'नादेशिको?' असं प्रश्नचिन्हासकट.

मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. त्सुबासा घ्या, गोड शब्द आहे, पंख कुणालाही शोभतात. निन्जा घ्या, कुणाचं काही बिघडत नाही. पण नादेशिको घेऊ नका. त्या शब्दाचं ओझं त्या मुलींनी वाहिलंय. आपल्या दारात तो नुसता नाजूक आवाजाचा परदेशी शब्द होतो, म्हणजे पुन्हा शोभेचं फूलच. आणि जपान्यांकडून घ्यायचंच असेल तर शब्द कशाला, त्यांनी 2004 मध्ये जे केलं ते घ्या. आपल्या घरात बघा. आपल्याला कुठल्या शब्दाने गप्प बसवतात? कुठल्या शब्दाने हसतात? वर्तमानपत्रं जिंकल्यावर 'रणरागिणी' म्हणतातच, पण तो शब्द नुसता मखरात बसवायचा. रोज घरात ऐकू येतो तो कुठला? 'आगाऊ'? 'दांडगट'? 'उंडारणाऱ्या'? माझं मत 'दांडगट'ला आहे. ताईला ते आवडलेलं नाही, हे ती इथे वाचून फोन करून सांगेलच. भाचीमंडळाचं अजून ठरलेलं नाही.

आपल्या भारतीय महिला क्रिकेट संघाने 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या रात्री मला हेच वाटत होतं. केवढा मोठा विजय, आणि हाक मारायला नाव काय? 'विमेन इन ब्लू'. पुरुषांच्या 'मेन इन ब्लू'मधला एक शब्द बदलून. दादाचा सदरा धाकटीला. नादेशिको हे नाव अवघड असेल, अन्यायाचंही असेल, पण ते कुणाच्या नावावरून बेतलेलं नाही. त्यांचं स्वतःचं आहे.

आणि जाता जाता एक. क्योतो हे देवळांचं, बौद्ध मठांचं शहर. तिथल्या फुटबॉल क्लबने 1994 मध्ये नाव शोधताना इटलीकडे पाहिलं नाही, स्पेनकडे पाहिलं नाही. त्यांनी भिक्खूंच्या समुदायासाठीचा, भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेला शब्द घेतला. 'सांगा'. जपानीत त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ डोंगर आणि नद्या असाही होतो, तेवढंच दुधात साखर. क्लबचं नाव 'क्योतो सांगा'. जांभळ्या जर्सीतल्या या क्लबने 1 जानेवारी 2003 ला जपानचा मानाचा सम्राट चषकही जिंकला. ओळखलात का शब्द? आपला 'संघ'! जो आपण 'शिवशक्ती महिला संघ'पासून शाळेच्या खो-खो संघापर्यंत सगळीकडे न बघता लिहितो, कारण तो फारच घरचा झालाय. क्योतोच्या लोकांना तो इतक्या लांबून येऊनही जड वाटला, मोलाचा वाटला. आपल्या हाताशी असलेले शब्द असेच दुसऱ्याने उचलून दाखवल्यावर दिसतात बहुतेक.

तुमच्या गावातल्या मंडळांची, संघांची, व्यायामशाळांची नावं काय आहेत? त्यामागे काही गोष्ट असेल तर जरूर लिहा, वाचायला आवडेल. नावं ठेवायलाही हरकत नाही. :)